फेरे मोजणाऱ्या कुंदाबाई

"जोरात म्हणजे किती?" हा कुंदाबाईंनी मला विचारलेला पहिला प्रश्न, आणि तो मला आवडला नव्हता.

दर्यापूरच्या आमच्या जिनिंगमध्ये त्या नव्यानं इंजिनीयर म्हणून आल्या, तेव्हा मी तिथला मोठा मिस्त्री होतो. शाळा चौथीपर्यंत. पण कापसातून सरकी वेगळी करणारी तिथली एकूण एक मशीन मी कधी ना कधी उघडून परत जोडलेली. शेठनं ओळख करून दिली. मी कोपऱ्यातल्या मशीनकडे बोट दाखवलं अन् म्हणालो, "हे जरा जोरात चालून राहिलं, मॅडम."

"जोरात म्हणजे किती?"

"जोरात म्हणजे जोरात."

"किसनराव, जोरात हा आकडा नाही."

पिशवीतून त्यांनी पेल्याएवढा मीटर काढला. त्याला पुढे रबराचं निमुळतं टोक. फिरत्या दांड्याच्या तोंडाला मधोमध बारीक खड्डा असतो, त्यात ते टोक सरळ दाबून धरलं. आकडा चढत गेला आणि एका जागी ठरला. टॅकोमीटर म्हणतात त्याला. दांडा मिनिटाला किती फेरे घेतो ते तो सांगतो. मी तो आधी पाहिला नव्हता असं कोणी समजू नये. मशीन विकणारे लोक आणायचे, मोजायचे आणि चहा पिऊन निघून जायचे. या बाई मोजून थांबल्या. दुसऱ्यांदा मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं, मगच बोलल्या.

"थोडं जोरातच आहे. तुमचा कान चांगला आहे."

"तं मंग मीटर कायले पाहिजे?"

"तुमचा कान मला अकोल्याच्या मशीनवाल्यांना फोनवर पाठवता येत नाही म्हणून."

माझ्या कानाबद्दल मी आजही कोणाचं ऐकून घेत नाही. पण हे उत्तर मला पटलं, हेही खरं.

बाई अमरावतीच्या. वडील वकील, दोन्ही काका वकील, आणि या एकट्या इंजिनीयर. घरातली वकिली मात्र सुटली नव्हती. मीटरला त्या साक्षीदार म्हणत. एका वेळच्या मोजणीवर विश्वास नाही. "एक साक्षीदार म्हणजे अफवा," असं म्हणायच्या. कोणी म्हणालं, बेल्ट ढिला झाला, तर लगेच "पुरावा?" कोणी म्हणालं, जेवण झालं, तर तिथंही "पुरावा?" मग कामावरच्या बाया आपले रिकामे डबे वर करून दाखवत आणि हसत. तोंडावर आम्ही सगळे मॅडम म्हणायचो, पाठीमागं मीटरबाई. त्यांना ते माहीत होतं. एकदा फोनवर स्वतःच म्हणाल्या, "हो, मीटरबाईच बोलते."

ओढणी नाही, बांगडी नाही, केस टोपीत घट्ट कोंबलेले. फिरत्या बेल्टजवळ कोणाचा पदर सुटलेला दिसला की आधी त्या पदरावर ओरडायच्या, मग बाईवर. खाण्यात एकच शौक, गिला वडा. अमरावतीहून एसटीनं येताना पुडा आणायच्या आणि दुपारी दह्यात बुडवून आम्हाला द्यायच्या. दर्यापूरचा वडा चांगला नाही असं म्हणायच्या. याही गोष्टीत माझं आणि त्यांचं कधी जमलं नाही.

एसटी चुकली की त्या काळ्या-पिवळ्या जीपनं येत. एकदा मी त्यांच्यासोबत होतो. जीप अशी भरलेली की ड्रायव्हर अर्धा दाराबाहेर. बाई हातातल्या घड्याळाकडे आणि रस्त्याच्या कडेच्या किलोमीटरच्या दगडांकडे आळीपाळीनं पाहत होत्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही सत्तरच्या वर चालून राहिले."

ड्रायव्हर म्हणाला, "अवो मॅडम, काटा तं झिरोवर हाय."

"मग आपण अजून स्टँडवरच उभे असू. मला चहा आणून द्या."

सगळी जीप हसली. ड्रायव्हरही हसला, पण त्यानं ॲक्सिलेटरवरचा पाय सैल केला. पुढं त्या जीपचा काटा दुरुस्त झाला. बाईंनी त्याच्यामागं तगादाच लावला होता. त्यांचं म्हणणं, वेग दिसत नसला तरी तो असतोच, आणि न दिसणारा जास्त वाईट.

मी एकदा त्यांना शिकवलं आहे, तेही सांगतो. एका मशीनमधून रुई कमी पडू लागली. त्या मशीनमध्ये चामड्याच्या चकत्यांचा लांब रोलर असतो. तो फिरताना कापसाचे तंतू ओढून घेतो आणि सरकी मागं राहते. बाईंनी रोलरच्या दांड्याचे फेरे मोजले. बरोबर. तिन्ही वेळा बरोबर. मग त्यांनी टोक बदललं. निमुळत्या टोकाच्या जागी एक लहानसं रबरी चाक लावलं आणि ते चालत्या रोलरच्या अंगावर टेकवलं. आता मीटर फेरे नाही, चामडं किती लांब पळतं ते सांगू लागला. ते कमी निघालं.

बाई बायांना समजावू लागल्या. घासून घासून रोलर बारीक झाला, घेर कमी झाला, म्हणून फेरे तेवढेच असले तरी... बायांना काही कळेना. मी म्हणालो, "थांबा जी, मी सांगतो. खळ्यावर मधात मेढीचा खांब रोवून त्याच्याभोवती बैलांची पात चालते का नाई? मेढीजवळचा बैल अन् कडेचा बैल, दोघायचे फेरे सारखेच. पण कोनता बैल जास्त चालते?"

"कडेचा," सिंधूबाई म्हणाली. सिंधूबाई म्हणजे आमच्या बायांची पुढारी. "म्हनून तं मेढीजवळ म्हतारा बैल बांधतेत."

"तं हा रोलर म्हतारा होऊन मेढीजवळ गेला."

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसा काही मी कोर्टात जिंकलो. त्या दिवसापासून नव्या माणसाला समजावताना त्या "किसनरावांची मेढ" असंच म्हणत. माझं नाव घेऊन. दुसऱ्याची गोष्ट आपली म्हणून सांगणारे पुष्कळ पाहिले, त्यात बाई नव्हत्या.

आता मुख्य गोष्ट सांगतो.

कामावर येतानाच बाईंनी शेठला एक अट घातली होती, माझ्यासमोर. मशीनचा वेग मी ठरवीन. मी बंद म्हटलं की बंद, मग गेटवर कितीही गाड्या उभ्या असोत. याला कारण होतं. जिनिंग वेगानं पळवली तर रुई जास्त निघते, पण तंतू तुटतात, सरकी फुटते, आणि सगळ्यात वाईट म्हणजे तापतं. कापसाच्या ढिगाजवळ तापणं म्हणजे काय ते आमच्याकडे पोरांनाही ठाऊक असतं. शेठ वाईट माणूस नव्हता, पण हंगामात त्याला दम निघत नसे. तो म्हणाला, "मंजूर. पन मॅडम, तुमी चुकीचं बंद केलं तं?"

"तर मी जाईन."

अशी ती अट. दोघंही ताठ. मला ते दोन्हीही पटलं, कारण शब्द देताना माणसानं आखडता हात घेऊ नये.

पहिला हंगाम नीट गेला. दुसऱ्या वर्षी बाईंनी अकोल्याहून नवा मीटर आणला, उजेडाचा. हा मशीनला टेकवायचा नसतो. फिरत्या पुलीवर एक चमकणारी पांढरी पट्टी चिकटवायची आणि लांबून मीटरचा लाल उजेड तिच्यावर धरायचा. पट्टी समोर आली की उजेड परत फिरतो. जितक्यांदा फिरला तितके फेरे. आमच्याकडे जमिनीखालच्या खंदकात एक लांब दांडा होता, लाईनशाफ्ट. मोटर त्याला फिरवायची आणि त्याच्यावरून बेल्टांनी सगळी मशीन फिरायची. त्याचे फेरे मोजायला आधी बाईंना खंदकात उतरून वाकावं लागायचं. आता वरूनच काम. बाई त्या मीटरवर खूश होत्या. लहान पोराला नवी सायकल मिळावी तशा.

दिवाळीआधी त्यांनी गोदामात एक नवी पुली पडलेली पाहिली. मोटरवर बसेल अशी, पण जुनीपेक्षा मोठी. मोटरची पुली मोठी केली की लाईनशाफ्ट जास्त पळतो, आणि मग सगळी जिनिंग पळते. बाई पुलीजवळ उभ्या राहिल्या, तिला हात लावला आणि पुढं गेल्या. ती ट्रकमधून मीच उतरवली होती, हे मी त्यांना सांगितलं नाही.

दिवाळी झाली आणि जिनिंग सुरू झाली. गेटवर कापसाच्या गाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत. बाईंनी वरून लाईनशाफ्टच्या पुलीवर उजेड धरला. आकडा जास्त. दुसऱ्यांदा, जास्त. तिसऱ्यांदा, थोडा वेगळा, पण जास्तच. तीनशेच्या जागी साडेतीनशेच्या पुढं.

"किसनराव, ऐका बरं."

मी ऐकलं. आवाज चढलेला वाटला. सिंधूबाई म्हणाली, "हाव, आज लयच पळून राहिलं, बाप्पा." गाडीवाला एक जण डोकावला होता, तोही म्हणाला, जमीन हलून राहिली. माणसाला आकडा आधी कळला की त्याचा कान त्या आकड्याच्या मागं जातो, हे मी तेव्हापासून सगळ्यांना सांगतो.

"बंद करा," बाई म्हणाल्या.

मी बंद केलं.

मशीनचा आवाज उतरत गेला तसा शेठ ऑफिसातून धावत आला. "काय झालं? गाड्या उभ्या हायेत."

बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "शेठ, दिवाळीत मोटरची पुली कोणी बदलली?"

"कोनंच नाई."

"गोदामातली पुली मी पाहिली आहे. मीटर खोटं बोलत नाही. तुम्ही मला न सांगता बदलली."

शेठचा चेहरा काळा पडला. बायांसमोर, गाडीवाल्यांसमोर याआधी कोणी त्याला लबाड म्हटलं नव्हतं. तो माझ्याकडे वळला. "किसन, जाळी खोल."

मोटरची पुली जाळीच्या आत असते, बाहेरून दिसत नाही. मी पान्यानं जाळी खोलली. आत जुनीच पुली होती. कडेचा टवका गेलेली, मला अंधारातही ओळखू येईल अशी.

शेठला तिथं ओरडता आलं असतं. तो ओरडला नाही, उलट त्यानं बाईंना वाट काढून दिली. म्हणाला, "मॅडम, मीटर खराब असन. नवीन वस्तू हाय, होते कधी कधी. चालू करू द्या."

बाईंनी नुसतं हो म्हटलं असतं तरी भागलं असतं. त्या म्हणाल्या, "चालू करा. पण मी खाली उतरते."

मशीन सुरू झालं. बाई जुना मीटर घेऊन खंदकात उतरल्या आणि दांड्याच्या तोंडाला टोक लावलं. तीनशेच्या आत, जिथं असायला पाहिजे तिथंच. वर येऊन उजेडाचा मीटर धरला. परत जास्त. पुन्हा बंद करायला लावलं. खाली उतरून त्यांनी पुली हातानं हळूहळू फिरवली, फडक्यानं पुसत. आधी त्यांची पांढरी पट्टी आली. अर्धा घेर फिरला आणि रुईच्या भुशाखाली, तेलानं मळलेली एक चंदेरी चमकी निघाली. तिच्यावर हळदीकुंकवाचा डाग.

खांडेनवमीला आमच्याकडे सगळ्या मशीनची पूजा होते. झेंडूचे हार, शेंदूर, नारळ. सिंधूबाईला वाटलं, वर सगळ्यायले मान आणि खंदकातल्या बिचाऱ्याले काहीच नाही. म्हणून ती खाली उतरून पुलीला चमकी चिकटवून आली होती. ती चमकी मळलेली, म्हणून उजेड कधी परत फिरवायची, कधी नाही. म्हणून आकडा दुपटीचाही नव्हता. दुपटीचा असता तर बाईंना तिथंच शंका आली असती.

सिंधूबाई रडकुंडीला आली. "मले काय मालूम, मॅडम. मी तं देवाचं केलं."

"तुमचं काही चुकलं नाही," बाई म्हणाल्या आणि वर आल्या. हाताला तेल, टोपीवर रुई. शेठसमोर उभ्या राहिल्या. "मीटर चांगला आहे. मी त्याला फेरे विचारले, त्यानं चमक मोजून सांगितली. तिन्ही साक्षीदार एकाच गावचे होते, मी दुसऱ्या गावचा बोलावलाच नाही. शेठ, मी तुमच्यावर सगळ्यांसमोर आळ घेतला. तो खोटा होता. सगळ्यांसमोर माफी मागते."

शेठ म्हणाला, "जाऊ द्या जी."

"जाऊ कसं द्यायचं? चुकीचं बंद केलं. ठरल्याप्रमाणे मी जाते."

आम्हाला वाटलं, रागात बोलल्या. पण त्या हात धुऊन, पिशवी घेऊन, दुपारच्या एसटीनं गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही.

त्या दिवसांत जिनिंग चालली, पण कशी सांगू. बायांनी पदर खोचले, कोणी सांगायला नसताना. शेठ मोठी पुली लावा म्हणाला नाही. मीही त्याला लावू का म्हणून विचारलं नाही. शेवटी एका सकाळी तो म्हणाला, "किसन, जीपमंदी बस. अमरावतीले जाऊ."

रस्त्यात तो म्हणाला, "पुली मी लावनारच होतो. या आठवड्यात."

"मले ठाऊक हाय."

"आता कोन्या तोंडानं लावू?"

बाईंचे वडील, वकीलसाहेब, पुढच्या खोलीत आरामखुर्चीत बसले होते. म्हातारा माणूस, पांढरा सदरा, नजर धारेची. बाईंनी आम्हाला पाणी दिलं आणि दाराला टेकून उभ्या राहिल्या. शेठनं घसा साफ केला, पण म्हाताऱ्यानंच सुरुवात केली.

"करार तोंडी की लेखी?"

"तोंडी, साहेब."

"साक्षीदार?"

"मी हाव जी," मी म्हणालो.

"चुकीचं बंद केलं तर जाईन, असं ती म्हणाली होती?"

"हाव."

"मग ती गेली ते बरोबर केलं." म्हाताऱ्यानं पाय लांब केले. शेठचं तोंड उतरलं. त्याला वाटलं, खटला संपला. तेवढ्यात म्हातारा म्हणाला, "आता तुमच्याकडे एक जागा रिकामी आहे. भरायची आहे का?"

"त्याच्यासाठीच आलो, साहेब."

"अट काय?"

"अट तेच. मॅडम बंद म्हनतीन तं बंद."

"आणि चुकल्या तर?"

शेठनं छताकडे पाहून बोटांवर काहीतरी मोजलं. असा विचार करताना मी त्याला कापसाच्या लिलावातही पाहिलं नव्हतं. मग म्हणाला, "चुकल्या तं परत चालू करू. अजून काय?"

वकीलसाहेब मुलीकडे वळले. "ऐकलंस?"

"ऐकलं," बाई म्हणाल्या. "पण माझीही एक आहे. कोणावर बोट दाखवायच्या आधी मी दोन वेगवेगळ्या मीटरनं मोजीन. नाही मोजलं तर किसनरावांनी मला अडवायचं."

"अन् मी अडवलं तं तुमी ऐकसान?" मी विचारलं.

"पुरावा असेल तर."

दुसऱ्या सकाळी त्या आल्या, गिला वड्याचा मोठा पुडा घेऊन. पुढं बरीच वर्षं राहिल्या. मी त्यांना किती वेळा अडवलं ते मी सांगत नाही, पण अडवलं. त्यांनी आमची जिनिंगही पुष्कळदा थांबवली. कधी बरोबर, कधी चूक. चूक निघाली की मोठ्यानं सांगायच्या, मशीनच्या आवाजातही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. खांडेनवमीला खंदकात उतरून लाईनशाफ्टची पूजा त्या स्वतः करायच्या, सिंधूबाईच्या सोबत.

मग त्या अकोल्याला गेल्या. तिथं डाळमिलची कामं पाहतात असं कळत होतं. मी कामावरून घरी बसलो. फोन होतो कधी, पण दोघंही बोलण्यात कंजूस.

मागच्या हिवाळ्यात मी लेकीकडे अकोल्याला होतो. बाई कोणत्या डाळमिलमध्ये असतात ते विचारून काढलं आणि चालत गेलो. जावयानं स्कूटरवर सोडतो म्हटलं, मी नाही म्हटलं. दारातून पाहिलं तर त्या आत, तुरीचं साल काढणाऱ्या मशीनसमोर. टोपी तीच नसेल, पण तशीच. टोपीबाहेर आलेले केस पांढरे. हातात मीटर. त्यांनी रिकामा हात वर केला आणि मशीन थांबलं. मालक आपल्या गादीवरून उठून जवळ आला. बाईंनी वाकून काहीतरी पाहिलं, दुसरा मीटर लावला, बेल्ट दाबून पाहिला. मग ताठ उभ्या राहून म्हणाल्या, "माझं चुकलं. बरोबर आहे. चालू करा."

कोणी हसलं नाही, कोणी मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. मशीन चालू झालं.

मोजणाऱ्या माणसाला मधे हाक मारू नये. मी बाहेर पोत्यांच्या थप्पीला टेकून बसलो आणि समोरच्या टपरीवरून चहा मागवला. चहा अर्धा झाला असेल नसेल, आतला आवाज परत उतरू लागला. मी उठून डोकावलो. बाईंचा हात वर होता, मशीन थांबत होतं, आणि या वेळी मालक गादीवरून उठलासुद्धा नव्हता.